सहा इंचांवर

केपेच्या ठाण्यातून नळी आली
गोणपाटात बांधून, वर सुतळी, सुतळीवर लाख.
शिपाई म्हणाला, "चारी, कारण लिहून द्या. शनिवारपर्यंत."
आणि दुकानातल्या एकुलत्या खुर्चीवर बसून
चहाची वाट पाहू लागला.

कारणे गावाने आधीच ठरवली होती.
जुने लोखंड, दुसरे काय.
पास्कोल पदेर म्हणाला, घरची दारू ठासली असणार.
वेळीपवाड्यावर म्हणत,
नारळ न ठेवता सोयरू राखणीला बसला,
देवचार काय गप्प राहील?
शिपायाला गंज हवा होता.
गंजाचा जबाब घ्यावा लागत नाही.

मी नळी माडाच्या व्हिनेगारने पुसली.
काजळी उतरली तशी नक्षी वर आली:
लोखंड आणि पोलाद तापवून, पिळून, ठोकून
कुणीतरी, कुठेतरी, शंभर वर्षांमागे
घातलेली वेणी.
बाप सांगायचा, ही वेणी सुटलीच तर सांध्यावर सुटते,
तिरकी, पीळ धरून.
ही फाटली होती उभी,
पिळाला न जुमानता.
कडा बाहेर उलटलेल्या,
फणस हाताने उकलावा तशा.

गंज होता. मान्य.
तोंडाजवळ मुगाएवढे खड्डे.
पण तोंड फुटलेच नव्हते.
दारू जास्त झाली तर काडतुसाचे घर फुटते,
घर शाबूत.
मी सुतळी लावून मोजले:
बुडापासून सहा इंच.
सोयरू आखूड हाताचा माणूस,
सहा इंचांवर त्याचा डावा तळवा असतो.
असायचा.
तीन बोटे मडगावच्या इस्पितळात राहिली.

फाटीच्या आतल्या बाजूला पितळ चिकटलेले,
चेपलेली चकती,
बारा नंबरच्या बुडाहून लहान.
कॅलिपर तीनदा लावला.
वीस.

शुक्रवारी मोरपिर्ल्याला गेलो.
सोयरू ओसरीवर, हात उशीवर ठेवून,
जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय.
म्हणाला, काळोख होता.
काडतूस घातले, चाप ओढला. टक्.
बंदूक मोडून पाहिली, घर रिकामे.
वाटले, घाईत घातलेच नाही.
डुक्कर काजूच्या मुळाशी उकरत होते,
ऐकू येत होते.
मग दुसरे घातले.

पहिले अंगाने बारीक,
घरातून पुढे घसरून
बूच होऊन बसलेले.
त्याच्यामागे रिकामे दिसत होते
ते रिकामे नव्हते.

बाप प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगायचा:
भरण्याआधी नळी दिव्याकडे धर.
पलीकडून दिवा दिसला तरच भर.
सोयरूला सांगितले होते का, आठवत नाही.
रानात, डुक्कर समोर असताना,
दिवा कुठून आणणार, हेही तो सांगत नसे.

द्रुपद बिस्किटांचा डबा घेऊन आली.
लाल काडतुसे, त्यांत चार पिवळी.
पिवळी भाटकारणीने दिलेली,
इरिनेव गेल्यावर त्याची वीस नंबरची विकली तेव्हा.
"वेगळ्या डब्यात होती," ती म्हणाली.
"तो डबा सोलांना लागला."
सोयरू भिंतीकडे पाहत होता.
बराच वेळ कुणी बोलले नाही.
मग तिने विचारले,
"हें कागदार येतलें?"

शनिवारी शिपाई आला, खुर्चीवर बसला.
मी लिहिले: बारा नंबरच्या नळीत
वीस नंबरचे काडतूस अडकलेले,
त्यावर दुसरे उडवले.
नळीचे लोखंड निर्दोष.
'चूक कोणाची' असा एक रकाना होता.
त्यात मी आडवी रेघ मारली,
पट्टी लावून.
शिपाई म्हणाला, गंज नाही तर?
नाही.

निघताना द्रुपदने सोले दिली होती,
त्याच डब्यातली, वर्तमानपत्रात बांधून.
बायकोने रविवारी कढी केली.
दारूचा वास नव्हता.
मी आधी हुंगून पाहिले होते.